बांधावरचा म्हसोबा आणि दगडीणबाई

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंच्या पर्समध्ये कंगवा कधी सापडला नाही. दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक, कानस आणि फुटक्या कपाचा तळ मात्र हमखास. सत्तरच्या दशकात सारं जवळा बाजार गाव त्यांना दगडीणबाई म्हणायचं. मी तिथंच मराठी शिकवायचो आणि त्यांना चिडवण्यात सगळ्यांच्या पुढं असायचो.

आभाळातून पडलेला दगड म्हणून कुणी काही आणलं की बाई आधी चहा ठेवायच्या, मग तपासायच्या. बुडबुड्यांची भोकं दिसली की ते लोहाराच्या भट्टीतलं कीट. कपाच्या खरखरीत तळावर दगड घासून लाल रेघ उमटली की तोही बाद. आपल्याकडचा काळा दगडसुद्धा चुंबकाला जरासा ओढतो, त्यावर भाळायचं नाही, असं त्या बजावायच्या. शेवटी उत्तर ठरलेलं, "न्हाई बाबा, हा आपल्या मातीतलाच हाय." लोक हिरमुसून जायचे, पण चहा पिऊन जायचे.

मग माझ्या काकांचं प्रकरण झालं. भर दुपारी त्यांच्या बांधावर धाडकन दगड पडला. आवाज गावानं ऐकला, पण कुणाच्या तरी विहिरीत सुरुंग उडाला असं समजून जो तो आपल्या कामाला लागला. पडताना पाहिलं एकट्या काकांनी. आणि आमच्या काकूंची भक्ती काय सांगावी! कुणाला दाखवायच्या आधीच तेल-शेंदूर लावून त्यांनी त्याचा म्हसोबा करून टाकला. झालं! शेजारच्या भावकीनं बोंब ठोकली की कुठला तरी धोंडा आणून हा माणूस बांध सरकवतोय, आता देवाला हलवणार कोण? काका शपथा घेऊन थकले. वर्षभर ते बाजाराला फिरकले नाहीत. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

शेवटी मी बाईंना घेऊन गेलो. शेंदराखाली दगड दिसेचना, आणि देवाला कानस लावू देणार कोण? मी हात टेकले. बाई मात्र काकूंजवळ जाऊन बसल्या. शेंदूर फार साचला की देवाची खोळ उतरवतात ना, ती उतरवायला आली का, एवढंच त्यांनी विचारलं. काकूंना ते पटलं. त्यांनी भावकीसकट गाव बोलावला.

नारळ फुटला, शेंदराची खोळ निघाली. खाली करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी पातळ काळी साल होती. चुंबक टचकन चिकटलं. तरी बाईंचं समाधान होईना. कोपरा घासून आतलं बघायलाच हवं म्हणाल्या. तेव्हा काकूंनीच कानस मागून घेतली.

"देव माझा हाय, मीच घासते. ह्यांचं खरं निघू दे."

करड्या दगडात धातूचे बारीक कण लखलखले. बाईंनी पुन्हा पुन्हा निरखून पाहिलं. मग भावकीकडं वळून म्हणाल्या, "हा आभाळातलाच. काका पहिल्या दिवसापासून खरं बोलून राहिले व्हते."

अहो, मी नाचायचाच बाकी होतो! ज्यानं सगळ्यात मोठी बोंब ठोकली होती, त्या चुलतभावानंच काकांच्या कपाळाला गुलाल लावला. बाई तर हसता हसता रडत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच खरा दगड भेटला होता.

पुढं बाईंची बदली झाली आणि गाठभेट राहिली नाही. त्यांची आठवण निघाली की मला मात्र ती खोळ उतरल्यानंतरचा पहिला आठवडी बाजार दिसतो. काका नवा पटका बांधून निघाले होते. आणायचं काहीच नव्हतं. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते सावकाश, ताठ मानेनं चालत गेले, आणि तसेच परत आले.