मांजराच्या पोटात काय होतं

कोचेव्येच्या जंगलाकडेला राहणाऱ्या नेझ्काला गाव पोल्ह म्हणायचं. पोल्ह म्हणजे बीच नावाच्या झाडाच्या बिया खाऊन टम्म फुगणारा, झुपकेदार शेपटीचा, हिवाळाभर झोपा काढणारा रानउंदीर. नेझ्का बुटकी, गुबगुबीत, तोंडानं गरीब, त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. पण या बाईच्या पोटात दोन वर्षं राग धुमसत होता, आणि तो रास्तच होता.

तिचा नवरा गाश्पर झाडांवर लाकडी पेट्यांचे सापळे लावून मांसासाठी नि कातड्यासाठी पोल्ह धरायचा. पेट्या रिकाम्या मिळू लागल्या तेव्हा त्याचा धाकटा भाऊ लोव्रो म्हणाला, "रानमांजर आहे दादा. मी डोळ्यांनी पाहिलंय." त्या मांजराच्या मागावर बर्फात गेलेला गाश्पर खडकातल्या खोल विवरात पडला आणि गेला. तेव्हापासून नेझ्कानं मांजरावर दात धरला.

लोव्रो वरून तिची थट्टाच करायचा. "वहिनी, मांजराची नि पोल्हाची बरोबरी होते का? ते भर बर्फात शिकार करतं, हा पानं झडली की गुडूप. तुमच्याच्यानं नाही व्हायचं ते."

यंदा पानगळीच्या तोंडावर, एका मंगळवारी, मांजर तिच्या फासात सापडलं. सूड म्हणून तिनं त्याचं पोटसुद्धा फाडलं. आत निघाले शेतातले बारीक, आखूड शेपटीचे उंदीर. पोल्हाचा केससुद्धा नव्हता. आणि मांजर मेल्यावरही तिनं लावलेल्या नवऱ्याच्या पेट्या रिकाम्याच मिळाल्या, झाकणं नीट लावलेल्या.

एरवी पेटीत पोल्ह मेलेलाच मिळायचा; मग तिनं एका पेटीत जिवंत पोल्ह कोंडला. दिसायला गोजिरवाणा, पण बोट मिळालं की सोडत नाही.

रविवारी सासूकडे जेवायला लोव्रो आला तो अंगठ्याला फडकं बांधून.

"काय झालं भावजी?"

"तेच तुमचं मांजर. काल अगदी समोरासमोर आलं. ओरबाडलं मेल्यानं."

"काल?"

"कालच. खोटं कशाला सांगू?"

नेझ्कानं पिशवीतून मांजराचं कातडं काढून टेबलावर टाकलं. "हे मंगळवारी मेलंय. फडकं सोडा. नखं कुठली नि दात कुठले, ते आईंना कळतं. जन्मभर पोल्ह सोललेत त्यांनी."

लोव्रोनं हात टेबलाखाली घेतला. म्हातारीनं मनगट धरून तो वर ओढला, फडकं सोडलं आणि बराच वेळ अंगठा पाहिला. मग त्याच्यापुढचं ताट उचललं.

"आई, मी काय दादाला जा म्हटलं होतं?"

"माझे दोन मुलगे होते," म्हातारी म्हणाली. "ऊठ."

तो गेला. नेझ्काला त्याची जराही दया आली नाही. तिनं पातेलं जवळ ओढलं आणि पुन्हा वाढून घेतलं.