शून्य गुणांची सुरी

विद्यापीठात त्यांना सगळे ‘वाटणीवाले सर’ म्हणत. कुणाला कुणाचा हेवा वाटणार नाही अशी वाटणी संगणकाकडून कशी करून घ्यायची, या एकाच प्रश्नापायी सरांनी एकतीस वर्षं डोकं झिजवलं. लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं.

या वेडाचं मूळ म्हणजे आईची काळ्या मुठीची सुरी. लहानपणी सफरचंद एक असायचं आणि खाणारी तोंडं दोन, सर आणि त्यांची धाकटी बहीण. आई सुरी पुढे करायची. “एकानं कापा, दुसऱ्यानं आधी उचला.” भांडण जागच्या जागी मिटायचं. पुढे सरांचा प्रत्येक शोधनिबंध एकाच वाक्यानं सुरू होऊ लागला: प्रत्येकजण फक्त स्वतःचं बघतो असं समजू. आईनं ते एकदा वाचून घेतलं आणि विचारलं, “असं कोण वागतं रे?” सर नुसते हसले होते.

आई गेली. भाड्याचं घर आठवड्यात रिकामं करायचं होतं. सरांनी वस्तूंची यादी बहिणीला पाठवली. दोघांनी आपापले शंभर गुण वस्तूंवर वाटायचे, एकमेकांचे आकडे बघायचे नाहीत. ज्याचे गुण जास्त त्याची वस्तू; दोघांनीही शून्य दिलेली भंगारात. सुरीपाशी सरांचा हात अडला. बाकी काही नसतं मिळालं तरी चाललं असतं, ती मात्र हवी होती. पण धाकटीचाही तिच्यावर जीव. त्यांनी शून्य लिहिलं.

संगणकानं याद्या काढल्या, हमालांनी खोकी भरली, सकाळीच भंगारवाला पोतं घेऊन गेला. दुपारी बहीण आली, तिनं आपली खोकी उघडून पाहिली.

“दादा, सुरी तुझ्याकडे आली ना?”

“माझ्याकडे कशी येईल? तुला मिळावी म्हणून मी शून्य दिलं.”

बहिणीनं खोकं बाजूला सारलं. “अरे, मीपण शून्यच दिलं.”

सर अनवाणीच कोपऱ्यावरच्या भंगाराच्या दुकानात धावले. “लोखंड दहालाच भट्टीवर गेलं, सर,” दुकानदार म्हणाला.

परतले तेव्हा बहीण पायरीवर बसली होती. “एक फोन करायचास ना रे, दादा.”

‘असं कोण वागतं रे?’ असं आईनं का विचारलं होतं, ते सरांना आज कळलं होतं, आणि ते सांगायला आई नव्हती. बहिणीशेजारी बसून ते लहान मुलासारखे रडले.