नारसिंगचं सापडलेलं दुखणं

नारसिंग पावरा तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यातला. होळीत मोठा ढोल वाजवायचा. मी आयुष्यभर तोंडाला रंग लावून नाचलो, पण असा वाजवणारा आमच्या फडाला कधी लाभला नाही. त्याला रक्ताचा कर्करोग झाला. तपासणीला नंदुरबारला आले की तो आणि त्याची बायको रेवाबाई माझ्याच ओट्यावर उतरत.

एका मोठ्या शहरात या रोगावर संशोधन चालू होतं. बिघडलेल्या रक्तपेशींत एक नवं प्रथिन आढळलं होतं. तेच त्या पेशींना मरू देत नसावं, असा अंदाज होता. त्यासाठी नारसिंगचंही रक्त जायचं. ते न्यायला नवापूरची लिडिया यायची. होळीच्या तोंडावर तिने सांगितलं, "दादा, तुमच्या रक्तातही ते सापडलं."

नारसिंग हसला. त्यांच्याकडे बडवा, म्हणजे पाड्याचा भगत, दाणे टाकून दुखण्याचं मूळ शोधतो. मूळ सापडलं की ते शिवेबाहेर सोडून येतात, आणि माणूस बरा झाला असं धरतात. इथे तर यंत्राने शोधलं होतं. पाड्यावर जाऊन त्यांनी कोंबडा देऊन नवस फेडला, डॉक्टरांच्या रोजच्या गोळ्या बंद केल्या. होळीला नारसिंगने ढोल गळ्यात घातला.

उन्हाळा संपता संपता तो जीपमध्ये आडवा पडून आला. हिरड्यांतून रक्त येत होतं. गोळ्या आता लागू पडणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिघं माझ्या ओट्यावर बसली होती.

"गोळ्या का सोडल्या, वहिनी?" लिडियाने विचारलं.

"तूच बोलली ना, सापडलं."

"सापडलं म्हणजे नुसतं दिसलं. त्यावरचं औषध अजून नाही. कधी होईल, मलाही ठाऊक नाही. गोळ्या रोगाला थोपवत होत्या."

"सोडायचं कुठे ते माहीत नाही, तर शोधलं कशाला?"

नारसिंग माझ्याकडे वळला. "बाबा, तुमच्या खेळातला राजा मरतो आणि पडदा पडला की चहा पितो. मला शिकवा ना."

"तुले जमाव नही," मी म्हणालो. "तू खरा गडी शे."

तो हसायला गेला आणि खोकला. मग त्याने लिडियापुढे हात केला. "काढ रक्त. दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल."

रेवाबाईने तो हात ओढून घेतला. "आता त्याच्यात उरलंय किती?"

लिडियाने रक्त काढायची पेटी उघडलीच नाही. जीप घाटाकडे निघाली, तेव्हाही रेवाबाईने तो हात पदराखाली घट्ट धरून ठेवला होता.