टिकटिक न करणाऱ्या तीन मोटारसायकली

एक तक्रार सविनय नोंदवून ठेवतो. नव्या मोटारसायकलींचे इंडिकेटर टिकटिक करत नाहीत. माझ्या जुन्या गाडीला मी मोठ्यानं पीं-पीं करणारा बझर बसवून घेतलाय. वळण संपलं तरी इंडिकेटर चालू राहिला की तो पाठशाळेतल्या गुरुजींसारखा मागे लागतो. नव्या गाड्यांत मीटरच्या कोपऱ्यात एक हिरवा बाण मुकाट लुकलुकतो. आपल्या जुन्या न्यायदर्शनात शब्दाला प्रमाण मानतात. या कंपन्यांनी शब्दच गाळला.

तरीही नवी गाडी घ्यायची आहे. थंडीत मी आणि वसुधा, दोघंच, भिसेगावहून गोकर्णापर्यंत मोटारसायकलवर जाणार असा ठराव आमच्या घरात मंजूर झालाय. तिची अट एकच: मागची सीट माणसासाठी हवी, डब्यासाठी नको. आता दुकानातली पाच मिनिटांची चक्कर म्हणजे कांदेपोहे खाऊन संसाराचा अंदाज बांधणं. म्हणून एक अख्खा रविवार काढला. पोशीरला माझ्या ताईच्या घरी दोन नव्या गाड्या आल्यात, दाजींची क्रूझर आणि भाची प्रणालीची स्पोर्ट. तिसरी, लांब पल्ल्याची टूरर मी कर्जतला दिवसभरासाठी भाड्यानं ठरवून ठेवली. तुम्हीही भाड्यानं घेणार असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना, ते बघून घ्या. नाहीतर रस्त्यात हवालदाराशी वादविवाद करावा लागतो आणि त्यात ते हरत नाहीत.

सकाळी सातला रिक्षानं पोशीर गाठलं. खळ्यावर भाताचे भारे रचलेले होते आणि त्यांच्या शेजारी दाजी क्रूझरला फडकं मारत होते.

"पावनं, हिच्यावर बसायचं नाय," ते म्हणाले. "हिच्यावर रेलायचं."

खरं आहे. क्रूझर ही कफप्रकृतीची गाडी: बुटकी, वजनदार आणि कशाचीच घाई नसलेली. पाय पुढे पसरायचे, दोन्ही टाचा जमिनीला टेकतात, इंजिन सावकाश धडधडतं. सरळ रस्त्याला सुख. पण नेरळच्या बाजारात वळवताना खांदे भरून आले आणि कर्जतपर्यंत दोन गतिरोधकांनी तिचं पोट खरवडलं. दोन्ही वेळा माझ्याआधी मागच्या सीटवरून दाजी विव्हळले.

कर्जतहून चौक फाटा, तिथून जुन्या हायवेनं खालापूर आणि खोपोली. कर्जतला टूरर उचलून दाजींना दिली, क्रूझर प्रणालीनं घेतली आणि या टप्प्याला मी स्पोर्ट घेतली. (एक्सप्रेस-वेवर दुचाकीला बंदी आहे. जुना हायवे सोडू नका.) प्रणाली खोपोलीच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि या रस्त्यानं रोज जाते, त्यामुळे उपदेशाचा अधिकार तिच्याकडे होता.

"मामा, मनगटावर भार टाकू नकोस. मांड्यांनी टाकी धर. अन पोट आत घे."

"पोटाचा गाडीशी काय संबंध?"

"काय नाय. आपलं सांगितलं."

स्पोर्ट शुद्ध पित्तप्रकृतीची. मनगट जरा फिरवलं की झेपावते, ब्रेक लावला की जागीच थांबते, आणि खालापूरच्या गर्दीत पोटऱ्यांना असा शेक देते की वैद्याची गरज उरू नये. वीस वर्षांच्या पाठीला उत्तम. मागची सीट मात्र देवघरातल्या पाटाएवढी. वसुधाला तिथे बसवलं असतं तर ती गोकर्णाला गेली असती, पण बसनं.

खोपोलीत मिसळ, जास्तीचे पाव आणि चहा. तिघांचं तीनशेत भागलं. परतताना पळसदरीच्या रस्त्यानं टूरर माझ्या हाती. उंच गाडी, चवडेच टेकतात, पण निघाली की आपण घोड्यावरून गाव पाहत चाललोय असं वाटतं. समोरची काच वारा अडवते, खड्डे कळतात पण लागत नाहीत आणि मागची सीट ऐसपैस. दोन मैलांत माझा निर्णय झाला. मी इतका खूश होतो की चहाची टपरी दिसताच ऐटीत डावीकडे घेतली.

त्याच क्षणी पेंढ्यानं भरलेला एक टेंपो डाव्या कोपराला घासून गेला. बाहीत काड्या अडकल्या. पुढे जाऊन टेंपो थांबला, ड्रायव्हरनं मान बाहेर काढली.

"काका, उजवीकडची लाइट दाखवता नि डावीकडं येता? कवापासून हॉर्न मारतोय मी."

माझा इंडिकेटर खोपोलीच्या वळणापासून चालू होता. मी त्याची माफी मागितली आणि टपरीवर बसून दोघांना माझी तक्रार सविस्तर ऐकवली: आवाजच नाही, तर माणसाला कळणार कसं?

प्रणाली उठली. इंजिन बंद ठेवून तिनं टूररची चावी फिरवली आणि इंडिकेटर लावला.

"मामा, वाजतंय की."

मी वाकून डावा कान मीटरला लावला. टिक, टिक. बारीक, पण होती. उजवा लावला. काही नाही. क्रूझर आणि स्पोर्ट, दोन्हींचं तसंच.

"अन त्याचा हॉर्न?" मी विचारलं.

"आमी मागं होतो, आमाला बी ऐकू आला," ती हळूच म्हणाली.

दाजी एरवी माझी अशी संधी सोडत नाहीत. त्यांनी चहात बिस्किट बुडवलं आणि माझ्या बाहीतल्या काड्या एकेक करून काढल्या. पुढे कर्जतपर्यंत ते क्रूझर घेऊन माझ्या मागोमाग राहिले.

तर वाचकहो, दोघांनी लांब जायचं असेल तर टूरर घ्या. बुटक्या माणसानं सीट खाली करून मिळते का ते विचारावं. क्रूझर रविवारसाठी, स्पोर्ट पंचविशीसाठी. यात मला शंका नाही. तीनही गाड्यांबद्दलची माझी तक्रार मात्र मागे घेतो.

घरी आल्यावर वसुधाला सगळं सांगितलं. मग विचारलं, "गाडीवर मागे बसून तू पूर्वी किती बोलायचीस. हल्ली गप्प असतेस."

"बोलायचे," ती म्हणाली. "तुमचं उत्तर येईना. म्हटलं, गाडी चालवताना तुम्हाला आवडत नसेल."

मी त्या शांततेला इतकी वर्षं मुरलेला संसार समजत होतो.

मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे जातोय. गाडीचं बुकिंग त्यानंतर. यंत्र लावायला सांगितलं तर लावीन, त्याची लाज नाही. गोकर्णाच्या वाटेवर ती मागून "थांबा" म्हणेल आणि मी पुढे जात राहीन, याची मला भीती वाटते.