शिरूर ते दौंड: कबुलीवाचून

पुण्याहून शिरूरला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत सहीसाठी टंकलिखित जबाब होता. भाचा विलास शिरूरजवळच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करी. चौदा महिन्यांपूर्वी त्याचा उजवा हात मनगटापासून गेला. पॅडल दाबले ते सोबतच्या दिलीपने; चौकशीत मात्र त्याने दोष विलासवर ढकलला. त्यामुळे विलासचा भरपाईचा दावा अडला. तेव्हापासून विलासने प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर आणि द्राक्षरस, घेतलेले नाही. वैर धरून ती भाकर मांडलेल्या मेजापाशी जायचे नाही, हा आमच्या चर्चच्या मंडळीचा दंडक. येत्या रविवारी प्रभुभोजन होते. त्याआधी दौंडला जाऊन दिलीपला भेटायचे, असे विलासने ठरवले होते.

एसटीला दोन तास धरावेत; कोरेगाव भीमाजवळ वाहने तुंबली तर तीन. पंच्याहत्तरी उलटल्यामुळे मला तिकीट पडत नाही.

संध्याकाळी मी विलासपुढे माझी मांडणी ठेवली. क्षमा कबुलीनंतर येते, कबुली नाही, म्हणून क्षमेचा प्रश्न उद्भवत नाही. आधी जबाबावर दिलीपची सही, मग समेट.

"मामा, तुमचं बरोबर हाय," विलास म्हणाला. "पन तो कबूल होईस्तवर मी काय करू? त्याच्या तोंडाकडं बघत बसू?"

शनिवारी न्हावरा, चौफुला या मार्गाने दौंडला गेलो. वाटेत उसाच्या ट्रॉल्या असतात. घाई असलेल्याने हा रस्ता धरू नये. विलासने अपंगांची सवलत मागताच कंडक्टरने त्याच्याकडे दाखला मागितला.

"हात न्हाई ते दिसत न्हाई व्हय?"

"दिसतंय की. पन साहेबाला कागदच दिसतो."

दोघेही हसले. मला हसू आले नाही.

दिलीपची खोली रेल्वे कॉलनीच्या मागे आहे. त्याच्या आईने चहा ठेवला. दिलीप विलासच्या थोट्या मनगटाकडे पाहत नव्हता.

"दिलप्या, माझ्या मनात वैर न्हाई. येवढंच सांगाय आलोय."

"म्या पॅडल दाबलंच न्हाई."

मी जबाब त्याच्यासमोर पसरला. दिलीप ताडकन उठला.

"सही घ्यायला आनलंस व्हय रं मामाला?"

विलासने आपला थोटा हात त्या कागदावर ठेवला. "मामा, उचला हे."

"याच्यावाचून तुझा दावा टिकणार नाही."

"नगं टिकू दे. त्यासाठी न्हाई आलो मी."

दिलीप आत गेला तो बाहेर आलाच नाही. निघताना त्याची आई म्हणाली, "त्याचा बी डोळा लागत न्हाई रं."

रविवारी विलास मेजापाशी गेला. त्याने भाकर डाव्या हाताने घेतली.

पुण्यात परतून मी माझी मांडणी पुन्हा तपासली. पायऱ्या बिनचूक होत्या. चूक गृहीतकात होती. क्षमा म्हणजे दिलीपविषयीचा निवाडा, असे मी धरून चाललो होतो. विलासच्या लेखी ती ख्रिस्ताकडून त्याला आधीच मिळालेली होती आणि त्याने फक्त पुढे द्यायची होती. म्हणून त्याचे सावरणे दिलीपच्या तोंडून निघणाऱ्या शब्दावर अडून राहिले नाही. बाकी काहीच बदललेले नाही. नोकरी गेली ती गेलीच, आणि दावाही बहुधा जाईल.

चार दिवसांनी फोन करून हाताची चौकशी केली.

"दुखतो की. जो न्हाई त्योच जास्त दुखतो. पन उठलो की आधी मनात दिलप्याशी भांडायचो, ते थांबलं."

"मग आता आधी काय करतोस?"

"प्रार्थना. आन् मग डाव्या हातानं शर्टाची बटनं. ती लई वेळ खात्यात, मामा."