टिंब नसलेली नीलु

उदगीरात कुणाच्याही घरी जा, बूड टेकायच्या आधी प्रश्न येतो, "चहा का थंड?" थंड म्हणजे बाटलीतलं. पाहुणा जरा पोचलेला असला की मांडी ठोकून म्हणतो, "थंड चालंल, पण कंपनीचं असंल तर." हे 'कंपनीचं' म्हणताना मान तिरपी करायची आणि डोळे अर्धे मिटायचे असतात, जशी काही ती कंपनी पाहुण्याच्या सख्ख्या चुलत्याची आहे.

या एका शब्दानं मडिवाळप्पांची उभी हयात नासवली होती. कारण मडिवाळप्पांची स्वतःची कंपनी होती. थंडाचीच.

वडील गुरुपादप्पा बसस्टँडसमोर गोळी सोडा विकायचे. बाटलीतली गोळी आत ढकलली की 'टॉक्' व्हायचं, आणि शाळा सुटलेली पोरं त्या आवाजासाठीच सोडा प्यायची. मडिवाळप्पांनी आवाज सोडला आणि रंग धरला. साखर, गॅस, नारंगी रंग आणि त्यावर बायकोचं नाव. नीलु ऑरेंज! नाव निळं, पाणी भगवं. नीलम्मा अजून ऐकवते, "एक साडी धड मनासारखी घेतली न्हाई, अन् माझं नाव मात्र गावभर बर्फात बुडवून ठेवलं."

पहिलं लेबल गावातल्या एका पेंटरनं काढलं. गडी अक्षर मोत्यासारखं काढायचा, पण टिंब द्यायचं विसरायचा. 'ऑरेंज'चं 'ऑरेज' झालं, आणि ते सगळी लेबलं छापून आल्यावर दिसलं. मडिवाळप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. चव काय टिंबात असती का?" काचेची बाटली गेली, प्लॅस्टिकची आली, पण टिंब काही आलं नाही.

धंदा बरा चालला. टेम्पो अहमदपूर, जळकोट करू लागला. पण दुकानात गिऱ्हाईक नीलु बघायचं आणि म्हणायचं, "हे लोकल नको. कंपनीचं काढा." मग मडिवाळप्पांनी लातूरहून सी.ए. बोलावला, कागदोपत्री 'प्रायव्हेट लिमिटेड' झाले आणि दारावर एवढी मोठी पाटी ठोकली की खिडकी उघडायची बंद झाली. लोक ती पाटी मोठ्यानं वाचत आत यायचे, घाम पुसायचे आणि विचारायचे, "कंपनीचं थंड ठेवता का हो?"

अशात नात अक्षराचा साखरपुडा ठरला. स्थळ नांदेडचं. मुलाचे वडील अमरेशअप्पा. सोयरीक जुळवणाऱ्यानं त्यांना 'मुलीच्या आजोबांचं थंडाचं काहीतरी हाय' एवढंच सांगितलेलं. त्यांचा फोन आला तेव्हा सगळं घर बैठकीत होतं आणि फोन स्पीकरवर होता.

"शरणार्थ! आम्ही रविवारी सकाळीच निघून राहिलो. जेवणाचं तुम्ही बघालच. थंड तेवढं कंपनीचं ठेवा. आमचे पाव्हणे लोकल पित न्हाईत, घसा धरतो त्यांचा."

फोन बंद झाला. मडिवाळप्पांचा मुलगा, अक्षराचा बाप रुद्रेश पंख्याकडं बघू लागला.

"मांडवात नीलुच येणार," मडिवाळप्पा म्हणाले. "माझ्या नातीच्या कार्यात दुसऱ्याची बाटली फुटली तर मी कारखान्याला कुलूप घालीन."

"साकु, साकु!" नीलम्मा कडाडली. तिचं माहेर भालकीकडचं. राग आला की ती 'पुरे' कानडीतून म्हणायची. "पोरीचं कार्य हाय, तुमच्या बाटलीचं न्हाई. असं करा. रविवारच्या आत एका तरी परक्या माणसाच्या तोंडून नीलुला 'कंपनीचं' म्हणवून दाखवा, मग खुशाल ठेवा मांडवात. न्हाई तर गुमान कंपनीचं आणायचं."

"म्हंजे दुसऱ्या कंपनीचं."

"हां, तेच म्हणते. कंपनीचं."

उदगीरात मडिवाळप्पांना ओळखत नाही असं कुत्रं नव्हतं. म्हणून ते टोपी पुढं ओढून, खांद्यावर गमछा टाकून एस.टी.नं जळकोटला गेले आणि स्टँडजवळच्या सटवाजीच्या दुकानापुढच्या बाकावर बसले. सटवाजीनं त्यांना कधी बघितलेलं नव्हतं. माल टेम्पोवाला टाकून जायचा.

"काय देऊ काका?"

"थंड द्या. नीलु हाय का?"

"हाय की." सटवाजीनं फ्रीज उघडला, मागच्या रांगेतली बाटली काढली, तिच्याकडं बघून तोंड वाकडं केलं आणि परत ठेवली. पुढच्या रांगेतली काढून पुढ्यात आपटली. "ते डुप्लिकेट हाय. तुम्ही हे घ्या, कंपनीचं."

मडिवाळप्पांच्या कानात गोळी सोड्याचा 'टॉक्' वाजला. डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी त्यांनी लेबल वाचलं. चकचकीत, सरळ चिकटवलेलं. आणि 'ऑरेंज'च्या डोक्यावर, नवरीच्या कपाळावर कुंकू असावं तसं, गोल गरगरीत टिंब.

"ते डुप्लिकेट कशावरनं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"वाचा की! 'ऑरेज'! शिकली-सवरली कंपनी असं लिहील का? नक्कल करणारे अडाणी असत्यात, काका. टिंबात सापडत्यात."

"अन् या टिंबवाल्याचा मालक कोण म्हणायचा?"

"उदगीरचे कुणी मडिवाळप्पा हायत. लई बडी असामी. ए.सी.च्या बाहेर पाय ठेवत न्हाईत म्हणे."

"असतील, असतील," मडिवाळप्पा गमछ्यानं मान पुसत म्हणाले.

त्यांनी घोट घेतला. खोकल्याचं औषध पाण्यात कालवल्यासारखं लागलं. आता खरं तर उठून सटवाजीची गचांडी धरायची, बाटली कुठून आली ते वदवून घ्यायचं. ते उठलेही. काउंटरवर ओणवे झाले आणि म्हणाले, "मघाशी काय म्हणलात? हे कुणाचं हाय?"

"कंपनीचं."

"पुन्हा एकदा म्हणा की."

सटवाजीनं बाटलीकडं आणि मग काकांकडं बघितलं. "काका, ऊन लागलं का?"

घरी हकीकत ऐकून रुद्रेश तडक उठला. "अप्पा, आत्ता ठाण्यात तकरार देतो! आपल्या नावावर कुणीतरी औषध विकतंय, अन् आपणच डुप्लिकेट?"

"बस खाली. सोमवारी दे. आधी तुझ्या आईचा निकाल लागू दे."

नीलम्मानं बोटांवर हिशेब मांडला. मग म्हणाली, "परका माणूस. नीलु म्हणला. कंपनीचं म्हणला. बोली ती बोली, ठेवा मांडवात. पण व्याह्यांपुढं तोंड तुमचं तुम्ही दाखवायचं."

रविवारी नांदेडकर आले. अक्षरानं ट्रे फिरवला. अमरेशअप्पांनी बाटली उचलली, लांब धरली, जवळ धरली आणि बैठक शांत होईल एवढ्या जोरात म्हणाले, "अहो, हे डुप्लिकेट हाय! आमच्या नांदेडात नीलु मिळती, तिच्यावर टिंब असतंय."

मडिवाळप्पांचा टेम्पो आयुष्यात कधी नांदेडला गेला नव्हता. नक्कल त्यांच्या आधी पोचली होती. रुद्रेशनं पुन्हा पंखा गाठला. नीलम्मानं पदर तोंडाशी धरला आणि नवऱ्याकडं असं बघितलं, की आता दाखवा तोंड.

मडिवाळप्पा उभे राहिले.

"व्याहीबुवा, टिंबवाली नांदेडात मिळती ना? ती माझी नक्कल हाय. ही अस्सल. आमच्या पेंटरनं टिंब खाल्लं, अन् नक्कल करणाऱ्याला ते बघवलं न्हाई, त्यानं दुरुस्त केलं. आता तुम्हीच सांगा, लोकलची कधी कुणी नक्कल करतंय का?"

अमरेशअप्पांनी विचार केला. विचार डोक्यातून उतरून हळूहळू चेहऱ्यावर पसरला. मग ते आपल्या पाहुण्यांकडं वळले, मान तिरपी केली, डोळे अर्धे मिटले.

"ऐकलं का? आपले व्याही कंपनीवाले हायत. डुप्लिकेट निघती त्यांची!"

"डुप्लिकेट निघती!" पाहुण्यांत आदरानं कुजबुज झाली. बाटल्या फुटल्या. कुणाचाही घसा धरला नाही. एका मामानं तर दुसरी मागितली आणि वर विचारलं, "तुलना करायला टिंबवाली हाय का एखादी?"

सोमवारी रुद्रेशनं तक्रार दिली. मडिवाळप्पांनी त्याला ठाण्याच्या दारात सोडलं आणि स्वतः लेबलवाल्याकडं गेले. जुना पेंटर आता नाही. त्याचा मुलगा वीरभद्र तेच काम कॉम्प्युटरवर करतो. मोठ्या कंपन्यांच्या मालावर असते तशी एक ओळ आपल्याही बाटलीवर असावी, ही त्यांची जुनी हौस. आज कुठं तिला निमित्त मिळालं होतं. 'ऑरेज' तसंच राहू दे, त्यांनी बजावलं, तीच आता खूण आहे. आणि खाली ओळ सांगितली.

लेबलं छापून आली. नीलम्मानं चष्मा लावून नवी ओळ वाचली: "नकलेपासून सावध! हीच अस्सल कपनी."

"कपनी?" ती म्हणाली. "अहो, कपनी?"

मडिवाळप्पांनी लेबल हातात घेतलं. पेंटरच्या पोराचा हात बापाचाच होता. आयुष्यभर ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो आपल्या बाटलीवर आला होता, आणि टिंब गाळून आला होता. मग त्यांनी लेबलांचा गठ्ठा उचलून चिकटवायला पाठवून दिला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "डुप्लिकेटवाला करील दुरुस्त."