बाईंचं डावं फुप्फुस

ठाण्यात मी टिकलो तो आमच्या बाईंमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना वेड्यात काढाल आणि ते मला चालणार नाही. फुप्फुसाला एवढा जीव लावणारं माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरं नसेल. राहायला नौपाड्यात, कॉलेजातून निवृत्त, आणि कोलशेतच्या एका गाळ्यात त्यांनी पारदर्शक नळ्यांचं फुप्फुस मांडलेलं. एका नळीच्या दोन, दोनाच्या चार, अशी फुटत गेलेली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं म्हणे ओल्या पिशवीसारखी आतून चिकटतात. ती उघडावीत म्हणून श्वासनळीतून सर्फॅक्टंट नावाचं औषध सोडतात. ते प्रत्येक फाट्यावर कुठे किती वळतं, एवढंच बाईंना शोधायचं होतं. "एवढंच" हा शब्द त्यांचा.

मी वाशीमकडचा, आठवीत शाळा सोडलेला, शेतात ठिबकच्या नळ्या जोडणारा. काम मागायला आलेलो तेव्हा बाईंनी शिक्षण विचारलंच नाही. विचारलं, "शेवटच्या झाडाला पहिल्याइतकंच पाणी कसं पोचवता हो?" मी अर्धा तास बोलत राहिलो आणि त्या लिहून घेत राहिल्या. मला "अहो" म्हणणारं ते पहिलं माणूस. तरी रोज शटर उचलताना वाटायचं, आज काढतील.

हॉटेलात गेल्या की बाई डोशाची बशी तिरकी करून चटणीचा ओघळ न्याहाळत बसायच्या. डोसा गार, वेटर ताटकळलेला. घरी शहाळं प्यायची नळीसुद्धा त्यांनी मला फाटा काढून आणायला लावली. पण त्यांचा खरा हट्ट दिसला तो डाव्या बाजूच्या भानगडीत. फुप्फुसाची उजवी बाजू माझ्याआधीच्या माणसाने जोडलेली, डावी मी. आणि औषध दर वेळी डावीकडेच जास्त पसरायचं. टेबल भिंतीला पक्कं ठोकलेलं, ते फिरवता येईना. बाईंनी फुप्फुसाच्या बैठकीखाली जुनी लग्नपत्रिका घातली, मग दुसरी. गवंडी बोलावून लेव्हल लावली. शेवटी जाहीर केलं की कोलशेतची जमीनच खाडीकडे कलंडली आहे. गाळ्याचा मालक घाबरून इमारतीचे कागद घेऊन आला. इकडे बाईंचा लेख जवळजवळ पूर्ण. बाळाला कुठल्या कुशीवर निजवून औषध सोडावं, इथपर्यंत लिहून झालेलं, आणि पाठवायला चार दिवस उरलेले.

त्यातच त्यांच्या पुतणीचं लग्न आलं. मलाही आग्रहाने नेलं. पंगतीत बाईंनी पाण्याच्या वाटीत मिरपूड भुरभुरली आणि साबण लावलेलं बोट त्यात टेकवलं. मिरपूड काठाला पळाली आणि शेजारी बसलेले व्याही पुढच्या पंगतीला. बाई मात्र रंगात येऊन सगळ्यांना सांगत होत्या की साबणाच्या नुसत्या वासानेही पाण्याचा स्वभाव बदलतो. माझा घास तोंडातच राहिला.

दोन दिवस मी गप्प राहिलो. गावाला परत जायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पण त्या लेखापायी चुकीच्या कुशीवर निजवलेलं बाळ काही डोळ्यांसमोरून हलेना. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "बाई, डावीकडच्या नळ्या मी साबणाच्या पाण्यात बुडवून बसवल्यात. आमच्याकडे तशाच बसवतात. सटकन जातात."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी मनातल्या मनात पिशवी भरत होतो.

"सहा आठवडे मी पृथ्वीला दोष देत होते," त्या म्हणाल्या. मग, "बघता काय? दोन्ही बाजूंच्या नळ्या सोडवा. गरम पाणी ठेवा."

मी विचारलं, म्हणजे मी राहू का. त्यावर म्हणाल्या, "कधी न चुकणारे माझ्याकडे दोघं येऊन गेले. त्यांनी मला काहीच सांगितलं नाही हो."

लेख त्यांनी स्वतः फाडला. नळी न् नळी आम्ही धुतली, उकळत्या पाण्यात मऊ करून परत बसवली. माझी बोटं आठवडाभर सोललेली. या खेपेला औषध दोन्हीकडे गेलं, उजवीकडे किंचित जास्त. बाई खुर्चीतून उठल्याच. खऱ्या माणसाची उजवी नळी जरा रुंद आणि सरळ असते, तसंच आमच्या फुप्फुसातही केलेलं, त्याचाच तो फरक.

हल्ली बाईंचा हात कापतो. औषधाची पिचकारी त्या माझ्या हातात देतात आणि डोळे बारीक करून बघत राहतात. खऱ्या फुप्फुसात नळ्या वीस-बावीस वेळा फुटतात, आम्ही सहाव्या फाट्यावर आहोत. पुढच्या नळ्या केसासारख्या, त्या जोडण्याइतकं बाईंना आता दिसत नाही. बाई, तुमचे उपकार माझ्याच्यानं एकदम फिटायचे नाहीत. पण बारावा फाटा मी जोडून दाखवीन, तुम्हाला दिसतंय तोवर.